यादी न पोचलेलं बंदर

एन्सिओच्या स्वयंपाकघरात संगणक ठेवलाय
खारवलेल्या हेरिंगच्या बरणीशेजारी.
कोत्काला नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधार पडतो,
खिडकीत क्रेनचे लाल दिवे तेवढे उरतात.
विंडोज त्यानं कधीच काढून टाकलं.
"न विचारता कुणी माझ्या यंत्रात हात घालायचा नाही."
चाळीस वर्षं टगबोटीचं इंजिन सांभाळलेला माणूस,
झाकण उघडून आत बघता येत नसेल
तर ती वस्तू त्याला आपली वाटत नाही.

डिस्क त्याची. ड्राइव्ह त्याचा.
पावतीसुद्धा आहे, सतरा युरोंची, भिंतीला टाचलेली.
चित्रपट सुमारच, तोच सांगतो,
पण सत्तेचाळिसाव्या मिनिटाला
हिल्का धक्क्यावरून चालत जाते.
हातात बादली, डोक्याला निळा रुमाल.
चार सेकंद.
बाकी हलताना ती कुठेच नाही.

मी ग्रंथालयात काम करते, म्हणून मला बोलावलं,
जणू सगळ्या बंद गोष्टी आमच्याच खात्यात येतात.
टर्मिनल उघडलं, हवी ती लायब्ररी बसवली,
किल्ल्यांची यादी ठेवली त्या लपलेल्या फोल्डरात
ज्याच्या नावाआधी एक टिंब असतं.
डिस्क गरगरली, थांबली.
काळा पडदा. त्यावर आमची दोन तोंडं.

मग खात्री करावी म्हणून
मी पिशवीतली ग्रंथालयाची डिस्क घातली,
त्याच आठवड्यात आलेली, कोरी करकरीत.

तेवढंच चुकलं.
नवी डिस्क येताना नावं घेऊन येते,
कुणाकुणाला दारात उभं करायचं नाही त्यांची.
ड्राइव्ह ती वाचतो, पाठ करतो,
आणि मग विसरत नाही.
वीज काढा, केबल बदला, रात्रभर गार होऊ द्या,
नाही विसरत.
आणि सकाळी मला दिसलं की मूळ दोष फक्त एवढाच होता,
फाइलचं नाव मी छोट्या अक्षरांत लिहिलं होतं,
मोठी हवी होती.
ती मोठी केली. पण तोवर ड्राइव्हनं आमची ओळख सोडली होती.

मी सांगून टाकलं, मीच घालवला.
एन्सिओनं कॉफी ओतली. दूध संपलं होतं.
म्हणाला, "बापाचं नाव होतं असल्या एका यादीत.
संपानंतर. कोण मुकादम कुठला, तोंड न बघता
कागद बघायचा आणि मान हलवायचा."
मग काय केलं त्यांनी?
"काय करणार. यादी पोचली नव्हती
अशा बंदरात गेला."

शनिवारी आम्ही लोविसाच्या जुन्या बाजारात.
पाऊस नाही, बर्फ नाही, मधलंच काहीतरी पडत होतं.
एका टेबलावर लोकरी मोजे, गंजलेले स्केट,
आणि बंद पडलेल्या कुठल्याशा कचेरीतला ड्राइव्ह, आठ युरो.
विकणारी बाई बिचारी कानकोंडी झाली,
"फार जुना आहे हो, कितीक वर्षं
यात कुणी काही घातलेलं नाही."
एन्सिओनं घासाघीस केली नाही.
घरी येऊन त्यावर चिकटपट्टी लावली, पेननं लिहिलं:
याला नवं काही खायला घालू नये.

मेनू आला नाही, त्याला जावा लागतं म्हणे.
नको मेनू. चित्रपट मधूनच कुठूनतरी सुरू झाला,
उपशीर्षकं स्वीडिश, बंद होईनात.
मी घड्याळ सरकवत नेलं, छेचाळीस, पन्नास सेकंद,
मग हात काढून घेतला.

रुमाल. बादली. पाठमोरी.
एकदा ती वळते असं वाटतं, वळत नाही.

मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.
बराच वेळ तो बोलला नाही,
मग पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर बोट टेकवलं,
तिच्यापासून चांगलं वीतभर लांब,
जिथे एक टग धक्क्याला लागत होती.
"धूर बघ किती काळा.
इंजेक्टर गेला होता त्या दिवशी.
मी खाली होतो."

आणि म्हणाला, मागे घे जरा.